फ्लॅटमध्ये पाळीव प्राणी: आधी घराचं वेळापत्रक, मग प्राणी

घर लहान म्हणून कुत्राही लहान, हा हिशेब हमखास चुकतो. जॅक रसेल टेरियर जेमतेम सहा-सात किलोचा, पण दिवसभर त्याला काही ना काही उद्योग लागतो. तो नाही मिळाला तर सोफा उसवतो. ग्रेहाउंड त्याच्या चौपट वजनाचा, पण दोन चांगल्या फेऱ्या झाल्या की उरलेला दिवस ताणून देतो. फ्लॅटमध्ये जागेची अडचण उशिरा येते. त्याआधी वेळ, आवाज आणि खिडक्या आडव्या येतात.

म्हणून सुरुवात कागद-पेनाने करा. आठवड्यातला सगळ्यात धावपळीचा दिवस घ्या (सुट्टीचा दिवस घेतला तर हिशेब खोटा येतो) आणि त्या दिवशी घर सलग किती तास रिकामं असतं ते लिहा. चार-पाच तास असेल तर मोठा, शिकलेला कुत्रा चालेल, पिल्लू नाही. आठ-नऊ तास असेल तर मोठं मांजर किंवा मासे. त्याहून जास्त असेल तर मासेच. कुत्रा हवाच असेल, तर दुपारी कोण येऊन त्याला खाली नेणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा, कुत्रा नंतर.

दुसरा आकडा आयुष्याचा. हॅमस्टर २-३ वर्षं, बजरीगर (छोटा पोपट) ५-१०, गिनीपिग ५-७, ससा ८-१२, कुत्रा १०-१५, घरातच राहणारं मांजर १५च्या पुढेही सहज. दहा रुपयांच्या नाण्याएवढं दिसणारं लाल कानाचं कासव २०-३० वर्षं जगतं आणि पाव मीटर लांब होतं. आफ्रिकन ग्रेसारखे मोठे पोपट ४० ते ६० वर्षं. घर बदलणं, बाळ होणं, नोकरीचं गाव बदलणं हे सगळं या आकड्याच्या आत बसतं का ते पाहा.

मांजराची ॲलर्जी असेल, तर "आखूड केसांचं घेऊ" हा उपाय नाही. त्रास केसांचा नसून मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाचा असतो, आणि चाटल्यामुळे ते अंगभर पसरलेलं असतं. मांजर असलेल्या घरी वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा तासभर बसून या. शिंका, खाज, छातीत घरघर यांतलं काहीही झालं तर मांजराचा विचार तिथेच सोडा. भाडेकरार आणि इमारतीचे नियम लेखी वाचा. "कोणी काही बोलत नाही" ही परवानगी नव्हे. रानातून पकडलेला पक्षी किंवा कासव तर घेऊच नका, बहुतेक ठिकाणी तो गुन्हा आहे.

मांजर: खिडकी आणि ट्रे

फ्लॅटसाठी मांजर सोयीचं खरं, पण ते घरी येण्याआधी दोन कामं पूर्ण हवीत. पहिलं खिडक्यांचं.

"मांजर कितीही उंचावरून पडलं तरी वाचतं" या समजाला १९८७ सालच्या एका अभ्यासाचा आधार दिला जातो. न्यू यॉर्कमधल्या एका पशुरुग्णालयात उंचावरून पडलेली १३२ मांजरं आली आणि उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के जगली. यातली मेख अशी, की रुग्णालयात आणलेलीच मांजरं मोजली गेली. जागीच मेलेली तिथे कोण आणणार? आणि जगलेल्यांतही फुफ्फुसांना मार, टाळू फाटणं, जबडा मोडणं हे भरपूर होतं. मांजर तोल जाऊन पडतं असं नाही. कबुतरावर झेप घेताना त्याला कठडा दिसतच नाही.

डासांची जाळी मांजराला अडवत नाही. फायबरची जाळी नखाने फाटते आणि वेल्क्रोने चिकटवलेली अंगाच्या रेट्याने सुटते. ग्रिलच्या दोन गजांत ८-१० सेंटीमीटर फट असली, तर जिथून डोकं जातं तिथून अख्खं मांजर जातं. उन्हाने कुजणार नाही अशी जाड नायलॉनची किंवा स्टीलची जाळी घ्या. भोक मोठ्या मांजरासाठी ३-४ सेंटीमीटर, पिल्लासाठी अडीचच्या आत. चारही बाजूंनी दर १५-२० सेंटीमीटरवर हूक आणि मधून ताणलेली तार हवी. बसवून झाल्यावर खालच्या कडेने मूठ दाबत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. मूठ जिथून बाहेर निघेल तिथे आणखी एक हूक. वरच्या बाजूने आत कलणारी खिडकी असेल तर ती कधीही कलती ठेवू नका. बाहेर पडू पाहणारं मांजर त्या निमुळत्या फटीत कमरेशी अडकतं, आणि सुटायला जितकं धडपडतं तितकं खाली रुततं.

दुसरं काम ट्रेचं. मांजर नको तिथे लघवी करतं म्हणून जी तक्रार होते, तिच्या मुळाशी बऱ्याचदा ट्रेच असतो. दुकानात मिळणारे बहुतेक ट्रे लहान पडतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर मोजा आणि त्याच्या दीडपट लांबीचा ट्रे घ्या. ४५ सेंटीमीटरच्या मांजराला साधारण ६५-७० सेंटीमीटरचा. तेवढा मिळाला नाही तर कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा डबा आणा, एका बाजूला १२-१५ सेंटीमीटर उंचीवर आत जायची खाच कापा आणि कापलेली कड घासून घ्या. बाकीच्या तीन उंच भिंतींमुळे वाळू बाहेर उडत नाही.

वाळू बारीक दाण्याची, गुठळी होणारी आणि बिनवासाची घ्या. सुगंध आपल्या नाकासाठी असतो, मांजराला तो नकोसा होतो. थर ५ ते ७ सेंटीमीटर. त्याहून कमी असेल तर ओली गुठळी तळाला चिकटते, खरवडताना फुटते आणि वास तिथेच राहतो. दोन महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना मात्र गुठळीची वाळू नको, ती तोंडात घालतात. त्यांना लाकडाच्या किंवा कागदाच्या गोळ्यांची द्या. रोज सकाळ-संध्याकाळ गुठळ्या काढा, कमी झालेली वाळू भरा, आणि तीन-चार आठवड्यांनी सगळी टाकून ट्रे गरम पाण्याने व सौम्य साबणाने धुवा. फिनेल नको. फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पंजाला लागलेलं सगळं ते चाटतं. गुठळ्या संडासात टाकू नका. पाइप तुंबला की खर्च फक्त तुमचा राहत नाही.

ट्रे किती? मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. दोन शेजारी शेजारी ठेवलेले मांजराच्या लेखी एकच, म्हणून वेगळ्या जागी ठेवा. वॉशिंग मशीनजवळ नको (ऐन वेळी मशीन थडथडलं तर मांजर त्या जागेचा धसका घेतं), जेवणाच्या ताटलीजवळही नको. आत जायची आणि पळायची वाट दिसेल असा कोपरा उत्तम. घरात कोणी गरोदर असेल, तर हे काम दुसऱ्याने करावं. गर्भाला इजा करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची बीजं विष्ठेतून बाहेर पडल्यावर १ ते ५ दिवसांनी संसर्गक्षम होतात, त्यामुळे रोज साफ होणाऱ्या ट्रेचा धोका मुळातच कमी.

एक प्रसंग मात्र ट्रेचा नसतो. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, ताण देतोय, ओरडतोय आणि वाळू कोरडीच आहे, तर मूत्रमार्ग तुंबलाय असं समजून लगेच दवाखान्यात निघा. "सकाळी बघू" म्हणण्यासारखं हे नाही. एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करण्यात हा वेळ जातो.

सोफा वाचवायचा असेल, तर नखं घासायचा खांब मांजराला पूर्ण ताणून उभं राहता येईल एवढा, म्हणजे ८०-९० सेंटीमीटर उंच हवा. त्यावर काथ्यासारखा सिसल दोर गुंडाळलेला आणि बूड इतकं जड की हलता कामा नये. डगमगणाऱ्या खांबाकडे मांजर एकदाच जातं. तो आडोशाला ठेवू नका, सध्या जिथे ओरखडे निघतात तिथेच ठेवा. सवय लागली की रोज थोडा थोडा सरकवा. नखांची पुढची टोकं दोन-तीन आठवड्यांनी कापा. नखं कायमची काढून टाकायची शस्त्रक्रिया म्हणजे बोटाचं शेवटचं हाड कापणं. ती करायचीच नाही.

पहाटे चारला घरभर धावणारं मांजर बिघडलेलं नसतं. पहाट आणि तिन्हीसांजा या त्याच्या शिकारीच्या वेळा. झोपण्यापूर्वी १०-१५ मिनिटं काठीला बांधलेल्या पिसामागे त्याला दमवा, शेवटी पीस पकडू द्या, आणि लगेच रात्रीचं जेवण वाढा. पाठलाग, पकड, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा क्रम पुरा होतो. पहाटे उठून एकदा जरी खायला दिलंत, तरी ती वेळ त्याने लक्षात ठेवली म्हणून समजा.

मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. म्हणून कुत्र्याचं खाणं किंवा दूध-पोळीवर मांजर पोसता येत नाही; दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाही. नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी पुरतात, म्हणजे कोरडं खाणं जेमतेम ५०-५५ ग्रॅम. वाटीने मोजू नका, वजनकाट्यावर मोजा. वाटीतला दहा-पंधरा ग्रॅमचा फरक डोळ्यांना दिसत नाही, वर्षाने पोटावर दिसतो. आणि जाड मांजराने दोन दिवस खाणं सोडलं तर डॉक्टरकडे न्यायला थांबू नका, त्याच्या यकृतात चरबी साठू लागते.

लिलीची फुलं घरात आणू नका. पान, फूल, परागकण, फुलदाणीतलं पाणी, यांतल्या कशानेही मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याला मारू शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला लावणं हीसुद्धा नेहमीची आणि जीवघेणी चूक.

कुत्रा: लघवी, एकटेपणा आणि लिफ्ट

पहिलाच कुत्रा असेल आणि घर वरच्या मजल्यावर असेल, तर दोन वर्षांपुढचा कुत्रा दत्तक घेणं केव्हाही सोपं. त्याचा आकार, आवाज, स्वभाव समोर दिसतो. पिल्लाच्या बाबतीत सगळाच अंदाज.

तरीही पिल्लूच आणणार असाल तर हे गणित लक्षात ठेवा: दिवसा ते जितक्या महिन्यांचं, फार तर तितके तास लघवी धरतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन तास. शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर लगेच. दारातून जमिनीपर्यंत पाच मिनिटं लागत असतील तर ते वाटेत होणारच, म्हणून कडेवर न्या. खाली रोज एकाच जागी पट्ट्यावर पाच मिनिटं उभे राहा, बोलू नका. होताक्षणी, दोन सेकंदांच्या आत खाऊ द्या. घरी परतल्यावर दिलेला खाऊ घरी परतल्याबद्दलचा ठरतो. झालं की लगेच वर आणू नका, थोडं फिरवा. नाहीतर लघवी केली की फिरणं संपतं हे ते शिकतं आणि धरून ठेवतं.

घरात झालेली घाण टिपून घ्या आणि एन्झाइमच्या क्लीनरने पुसा. अमोनियाच्या क्लीनरने कुत्र्याला तीच जागा पुन्हा लघवीची वाटते. पाच मिनिटांनी ओरडण्याचा उपयोग शून्य. ते खाली घातलेले डोळे पश्चात्तापाचे नसून तुमच्या आवाजाच्या भीतीचे असतात.

लशींचा कोर्स १६ आठवड्यांपर्यंत चालतो, पण जग ओळखायचं वय ३ ते १४ आठवड्यांचं. कोर्स संपेपर्यंत घरात कोंडलं तर हा काळ वाया जातो आणि पुढे लिफ्ट, छत्री, सायकल, लहान मुलं, सगळ्यावर भुंकणारा कुत्रा तयार होतो. या आठवड्यांत पिल्लाला कडेवर घेऊन रोज वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहा; जमिनीवर सोडू नका, अनोळखी कुत्र्यांना भेटवू नका.

शेजाऱ्यांची तक्रार येते ती बहुधा तुमच्या पाठीमागे होणाऱ्या भुंकण्याची. बाहेर जाताना फोन रेकॉर्डिंगवर ठेवा आणि पहिला अर्धा तास नीट ऐका. एकटेपणाने कासावीस होणारा कुत्रा बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात सुरू होतो. त्याला सवय पायरीपायरीने लावायची: किल्ल्या उचला आणि परत बसा, दाराबाहेर पाच सेकंद, मग तीस, मग दोन मिनिटं. तो शांत राहिला तरच पुढची पायरी. अर्ध्या-पाऊण तासापर्यंतचा टप्पा सगळ्यात रेंगाळतो, पुढचा भराभर जातो. हे दिवस चालू असताना त्याला खरोखर चार तास एकटं सोडलंत तर सगळं पहिल्यापासून.

लिफ्टमध्ये शिस्तीपेक्षा पट्टा महत्त्वाचा. कुत्रा आत, माणूस बाहेर आणि मध्ये दार बंद झालं, तर लिफ्ट हलताच गळ्यातला पट्टा फास बनतो. पट्टा हाताला गुंडाळून आखूड करा, कुत्र्यासोबतच आत शिरा, आणि कुत्र्याचं शेपूट, तुमचे पाय व पट्ट्याचं टोक आत आल्याशिवाय बटण दाबू नका. लांबणारे दोरीचे पट्टे इमारतीत वापरूच नका. आत लहान मूल किंवा घाबरलेलं माणूस असेल तर पुढची लिफ्ट घ्या.

गुळगुळीत फरशीवर धावताना कुत्र्याचे पाय फाकतात आणि सांध्यांवर ताण येतो. त्याच्या नेहमीच्या वाटेवर न सरकणाऱ्या पट्ट्या अंथरा. खालच्या मजल्यावर जाणारा नखांचा टकटकाटही कमी होतो. पग, फ्रेंच बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जाती फ्लॅटसाठी म्हणून खपवल्या जातात, पण त्यांना धापा टाकून अंग नीट थंड करता येत नाही. उकाड्यात बंद घरात ते जिवावर बेतू शकतं. चॉकलेट, द्राक्षं-बेदाणे, कांदा-लसूण आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नका.

मासे: आधी पाणी पिकवा

"मासे म्हणजे काही करावं लागत नाही" असं समजून आणलेले मासे साधारण दुसऱ्या आठवड्यात मरतात, आणि दोष दुकानावर जातो. खरं कारण अमोनिया. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तो तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये नसतातच. त्यांची वस्ती व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात.

पहिली टाकी ६० लीटरच्या आसपास घ्या. लहान टाकी सोपी वाटते, पण थोड्या पाण्यात प्रत्येक चूक लवकर विषारी होते. ६० लीटर पाणी म्हणजे ६० किलो, वर काच, खडी आणि स्टँड, म्हणजे शंभरच्या आत-बाहेर. ती भिंतीलगत ठेवा, ऊन येणाऱ्या खिडकीत नको; पाणी हिरवं होतं. विजेच्या वायरला प्लगच्या खाली एक झोळ पडू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल.

पाणी भरा, क्लोरिन काढणारं औषध घाला. नळाच्या पाण्यात क्लोरामिन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर पाणी रात्रभर ठेवूनही ते उडत नाही. फिल्टर आणि हीटर चालू करा. मासे न सोडता, बिनसुगंधी शुद्ध अमोनिया लीटरमागे २ मिलिग्रॅम होईल इतका घाला आणि दर दोन-तीन दिवसांनी द्रव रसायनाच्या टेस्ट किटने मोजा. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं; मग नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टाकी तयार. पाणी बरंचसं बदला आणि निम्मेच मासे आणा, उरलेले दोन-तीन आठवड्यांनी.

पुढे दर आठवड्याला २०-२५ टक्के पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला की क्लोरिनने जिवाणू मरतात आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात होते. तो काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा. गोल भांड्यातला गोल्डफिश ही सुंदर दिसणारी हेळसांड आहे. तो १५-२० सेंटीमीटर वाढतो आणि घाणही भरपूर करतो. एकच मासा हवा असेल तर बेट्टा (फायटर मासा): किमान १५-२० लीटर, हीटर, २४ ते २८ अंश, मंद फिल्टर.

बाकीचे, थोडक्यात

ससा मुलांचं खेळणं म्हणून आणू नका. उचललेलं त्याला आवडत नाही, जोडीदार लागतो, वायरी कुरतडतो आणि आहाराचा चार पंचमांशाहून जास्त भाग सुक्या गवताचा हवा, नाहीतर सतत वाढणारे दात झिजत नाहीत. त्याने १२ तास काही खाल्लं नाही तर आतडी थांबली असं समजून डॉक्टरकडे न्या. गिनीपिगलाही जोडी हवी, आणि क जीवनसत्त्व रोज खाण्यातून, कारण त्याचं शरीर ते बनवत नाही. हॅमस्टर उलट: सीरियन जातीचा एकटाच ठेवायचा, चाक २८ सेंटीमीटर व्यासाचं, आणि ते चाक रात्रभर फिरणार हे गृहीत धरून पिंजरा कोणत्या खोलीत ठेवायचा ते ठरवा.

बजरीगर जोडीने ठेवा. पिंजरा उंच नको, लांब हवा. पंख पसरून आडवं उडता आलं पाहिजे. गजांतलं अंतर १ ते १.२ सेंटीमीटर. रात्री १०-१२ तास अंधार. नॉनस्टिकचं भांडं चुलीवर कोरडं तापून राहिलं तर निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतात, आणि छोट्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर कधीच पुरेसं लांब नसतं. पक्षी पाळायचा तर ती भांडी घरातून काढा.

गावाला जाताना शेजाऱ्याला तोंडी सांगू नका. खाण्याचं नेमकं वजन, औषधाची वेळ, डॉक्टरांचा फोन आणि "खर्चाची काळजी न करता दवाखान्यात न्या" हे वाक्य लिहून फ्रिजवर लावा. माशांसाठी एकेका दिवसाच्या पुड्या बांधून ठेवा. पाहुणी माणसं मायेने चौपट खायला घालतात. वीज जात असेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप टाकीशेजारीच ठेवा. मांजराला दवाखान्यात न्यायची पेटी माळ्यावर टाकू नका. ती वर्षभर दार उघडं ठेवून, आत जुनी चादर घालून खोलीतच असू द्या, अधूनमधून खाऊही आतच द्या. तिच्यात रोज झोपणारं मांजर दवाखान्याच्या दिवशी पलंगाखालून ओढून काढावं लागत नाही.